दहा नंबर कुणाला म्हणायचं? अटॅकिंग मिडफिल्डरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी मी पुण्यात बारा-चौदा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. कडेला चहाचा कप घेऊन उभे असलेले आईबाबा, रात्र जागून चॅम्पियन्स लीग बघणारी कॉलेजची पोरं आणि गावाकडचे जुने दोस्त असे सगळे मिळून मला हेच प्रश्न विचारत असतात. तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली. मी मूळचा कोल्हापूरचा. त्यामुळे कुठे कुठे पक्षपात दिसेल, तेवढा चालवून घ्या.

हा खेळाडू मैदानात नेमका असतो कुठे?

आधी समोरच्या संघाकडे बघा. गोलीच्या पुढे बचावपटूंची एक ओळ असते. तिच्यापुढे दहा-पंधरा पावलांवर मिडफिल्डरांची दुसरी. या दोन ओळींच्या मधे बोळासारखी जी पट्टी उरते, ती याची हद्द. आपल्या बाजूने बघितलं तर स्ट्रायकरच्या मागे आणि बाकीच्या मिडफिल्डरांच्या पुढे.

ही जागा एवढी मोलाची का? तिथे याच्या पायात बॉल पडला की समोरच्या स्टॉपरची, म्हणजे मधल्या बचावपटूची, पंचाईत होते. पुढे येऊन भिडावं तर पाठीमागे भगदाड पडतं आणि त्यातून स्ट्रायकर सुटतो. जागेवर थांबावं तर हा गडी वळतो, मान वर करतो आणि हवा तो पास काढतो. मागचे म्हणतात मिडफिल्डरांनी धरायला हवं होतं, मिडफिल्डर म्हणतात तो आमच्या पाठीमागे होता, दिसणार कसा? दोघांचंही खरं असतं. तो मुद्दाम अशा ठिकाणी उभा राहतो की तो नक्की कुणाचा, हेच ठरू नये.

२५ नोव्हेंबर १९५३ ला वेंब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं लोळवलं, ते याच गोंधळावर. नांदोर हिदेगकुटीच्या पाठीवर ९ नंबर, म्हणजे कागदावर सेंटर फॉरवर्ड. प्रत्यक्षात तो मागे मधल्या फळीत येऊन उभा राहायचा. इंग्लंडचा सेंटर हाफ (मधला बचावपटू) हॅरी जॉन्स्टन त्याच्यामागे जावं की जागा राखावी, या विचारात अडकला आणि हिदेगकुटीने तीन गोल केले.

मग ‘दहा नंबर’ हे नाव आलं कुठून?

जुन्या इंग्लिश पद्धतीत १ ते ११ नंबर हे जागेचे नंबर होते. पाच फॉरवर्ड असायचे: ७ आणि ११ कडेला, ९ मधोमध, आणि ८ व १० त्यांच्या मधल्या फटीत थोडे मागे. म्हणजे १० म्हणजे डावा इनसाइड फॉरवर्ड, बस. त्यात राजेशाही वगैरे काही नव्हतं.

राजेशाही आणली पेलेने, आणि तीही अपघाताने. १९५८ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलने खेळाडूंचे नंबर कळवलेच नाहीत, मग ते दुसऱ्याच कुणीतरी वाटले, असा किस्सा सांगतात. वाटप कसंही झालेलं असो, त्यात गोली जिल्मारच्या पाठीवर आला ३ आणि सतरा वर्षांच्या पेलेच्या पाठीवर १०. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

नंबरावर फार जाऊ नका, हे मी यासाठीच सांगतो. ब्राझीलचा काका (हे त्याचं नावच) २००५ मध्ये मिलानसाठी या जागेवर खेळला तो २२ नंबर घालून, आणि बेलिंगहॅम रिआल माद्रिदमध्ये ५ घालून. अर्जेंटिनाने १९८२ मध्ये नंबर आडनावांच्या वर्णक्रमाने दिले, त्यामुळे आर्दिलेस हा मिडफिल्डर गोलीचा १ नंबर घालून फिरत होता. मॅराडोनाला मात्र क्रम मोडून १० दिला. काही गोष्टींना हात लावायचा नसतो.

पण तो करतो काय? मला तर तो नुसता फिरताना दिसतो.

फिरत असतो हे खरं आहे. त्याचं निम्मं काम बॉल येण्याआधी होतं आणि टीव्हीचा कॅमेरा तेव्हा बॉलवर असतो, म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

पुढच्या मॅचला एक करा. पाच मिनिटं बॉल सोडून फक्त याच्याकडे बघा. बॉल त्याच्याच संघाच्या बॅककडे आहे, चाळीस यार्ड लांब, आणि हा मान वळवून आधी डाव्या खांद्यावरून मागे बघतो, मग उजव्या. दोन पावलं सरकतो. परत बघतो. पाठीमागे कोण आहे, किती लांब आहे, स्ट्रायकर कुठल्या बाजूला पळायच्या तयारीत आहे, याचं चित्र त्याच्या डोक्यात तयार होत असतं. मग बॉल येतो तेव्हा तो सरळ पाठ करून उभा नसतो, अर्धा वळलेला असतो, कडेच्या रेषेकडे तोंड करून. पहिला टच समोरच्या गोलकडच्या पायाने, आणि त्या एकाच टचमध्ये तो गोलच्या दिशेला वळलेला असतो. ज्याने मागे बघितलेलं नाही तो पाठ करूनच बॉल थांबवतो, वळायला आणखी दोन टच घेतो आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन बॉल काढून नेतो.

माझ्याकडे एक मुलगा होता, अंगाने किरकोळ, पळायला यथातथाच. पहिले दोन महिने मी त्याला कडेला बसवून ठेवलं होतं, हे कबूल करतो. एकदा आठ-आठच्या खेळात माणूस कमी पडला म्हणून त्याला मधे घातलं. एका मोठ्या बॅकने त्याच्यावर पाठीमागून झेप घेतली आणि याने बॉलला हातही, म्हणजे पायही, न लावता तो दोन पायांमधून जाऊ दिला आणि स्वतः त्याच्यामागे वळून निघून गेला. नंतर विचारलं, मागे तो येतोय हे तुला कळलं कसं? म्हणाला, “सर, मी दोनदा बघितलं होतं ना.” त्या दिवसापासून मी निवड करताना आधी मुलांच्या माना बघतो.

वरच्या दर्जाचं उदाहरण हवं असेल तर २०२२ च्या विश्वचषकातली अर्जेंटिनाची उपांत्यपूर्व लढत, नेदरलँड्सविरुद्ध, ३५ वं मिनिट. मेस्सी उजवीकडून बॉल घेऊन आत येतो, डोळे डाव्या बाजूला, सगळा बचाव त्याच्या नजरेबरोबर तिकडे झुकतो आणि बॉल जातो उलट्या दिशेला, बचावपटूंच्या मधून, त्याच्या संघातल्या मोलिनाच्या पुढ्यात. मोलिना तिथे येणार हे त्याने आधीच कधीतरी बघून ठेवलं होतं. पास देताना बघायची गरजच उरली नव्हती.

आठ नंबर, दहा नंबर, सेकंड स्ट्रायकर, फॉल्स नाइन यांत फरक काय?

सुरुवात कुठून करतो आणि कुठे पोचतो, यात. आठ नंबर मागून येतो, दोन्ही गोलांसमोरच्या बॉक्समध्ये राबतो. दहा नंबर त्या बोळातच राहायला असतो. सेकंड स्ट्रायकर वरून खाली येतो, जसा आर्सेनलचा बर्गकॅम्प, आणि त्याचं मन गोलमध्ये जास्त असतं. फॉल्स नाइन म्हणजे पुढे कुणीच न ठेवता स्ट्रायकरनेच दहा नंबरच्या जागेत उतरणं; मे २००९ मध्ये बर्नाबेउवर बार्सिलोनाने रिआलला ६-२ हरवलं तेव्हा मेस्सी असा खेळला. सीमारेषा पुसट आहेत आणि समालोचक त्या आणखी पुसट करतात.

एकाच मॅचमध्ये हे सगळं बघायचं असेल तर कोणती बघू?

इस्तंबूल, २५ मे २००५, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मिलान विरुद्ध लिव्हरपूल. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी मित्राच्या खोलीवर आवाज बंद करून बघत होतो, घरमालक खालीच झोपायचा.

लोक ही मॅच लिव्हरपूलच्या चमत्कारासाठी लक्षात ठेवतात. मी ती काकाच्या पहिल्या पंचेचाळीस मिनिटांसाठी बघतो. मिलानची मधली फळी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची होती: तळाला पिर्लो, दोन बाजूंना गाटुसो आणि सीडॉर्फ, टोकावर काका. त्याच्यापुढे शेवचेन्को आणि क्रेस्पो. लिव्हरपूलच्या मधे होते झाबी अलोन्सो आणि जेरार्ड, दोघेही चांगले खेळाडू, पण दोघांपैकी एकाचाही धर्म बचाव राखून बसण्याचा नाही. हामान, जो हेच काम करायचा, तो बाकावर. म्हणजे त्या बोळाला पहारेकरीच नव्हता.

दुसऱ्या गोलला काकाने शेवचेन्कोला मोकळं केलं, त्याचा पास क्रेस्पोला. तिसरा गोल तर फळ्यावर आकृती काढून शिकवावा असा. पिर्लोकडून बॉल येतो तेव्हा काका अजून स्वतःच्याच हाफमध्ये आहे. जेरार्ड पाठीवर येतोय. काका एका टचमध्ये वळतो, जेरार्ड मागे पडतो, आणि दुसऱ्याच क्षणी लांबलचक, वळत जाणारा पास बचावपटूंना चिरत क्रेस्पोच्या पुढ्यात. क्रेस्पोने गोली डुडेकच्या वरून अलगद उचलला. हाफटाइमला ३-०.

लिव्हरपूलचा प्रशिक्षक बेनितेझने दुसऱ्या हाफमध्ये काय केलं? बॅक फिनन बाहेर, हामान आत. काकाच्या दारात पहारा बसला. त्यामुळे जेरार्डच्या पायातली बेडी सुटली आणि तो पुढे सरकून जवळजवळ त्याच जागेत खेळायला लागला, जिथून काका त्यांना फाडत होता. ५४ व्या मिनिटाला जेरार्डचं हेडर, ५६ ला स्मिसर, आणि पेनल्टी मिळाली तीही गाटुसोने जेरार्डला पाडलं म्हणून. साठाव्या मिनिटाला ३-३. धैर्य, प्रेक्षक, गाणी हे सगळं होतंच, पण मुळात एका बोळाचा ताबा इकडून तिकडे गेला. पेनल्टी शूटआउटमध्ये लिव्हरपूल जिंकलं.

त्याला अडवण्याचे इतर मार्ग कोणते?

जुना मार्ग म्हणजे सावली चिकटवणे, एक माणूस सतत त्याच्याच मागे लावणे. १९८२ मध्ये इटलीच्या जेंतिलेने आधी मॅराडोनाला आणि मग ब्राझीलच्या झिकोला असा धरला की त्याच्या हातात झिकोचा शर्ट फाटला. १९८६ च्या अंतिम सामन्यात हे काम पश्चिम जर्मनीच्या माथेउसकडे होतं. मॅराडोनाला गोल करता आला नाही, पण २-२ असताना त्याने भोवती गर्दी जमलेली असताना बुरुचागाला एक पास काढून दिला आणि विश्वचषक तिथेच गेला. सावलीचं दुखणं हे की शंभरातला एक क्षण सुटला तरी पुरतो.

नवा मार्ग म्हणजे बोळच बुजवून टाकणे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस प्रशिक्षक साक्कीच्या मिलानने दोन ओळींतलं अंतर इतकं कमी केलं की मधे उभं राहायलाच जागा उरेना. आजचे बहुतेक संघ दोन बचावात्मक मिडफिल्डर ठेवतात ते यासाठीच.

दहा नंबर संपला असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

याचं उत्तर मी नेहमी कार्लो आंचेलोत्तीच्या गोष्टीने देतो. आंचेलोत्ती साक्कीच्या त्याच मिलानमध्ये मिडफिल्डर म्हणून खेळलेला, ४-४-२ (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर, दहा नंबरला जागाच नाही) त्याच्या हाडात मुरलेलं. पार्माचा प्रशिक्षक झाल्यावर त्याने झोला या दहा नंबरला डाव्या कडेला ढकललं. झोला कंटाळून १९९६ मध्ये चेल्सीला गेला आणि लंडनने त्याला डोक्यावर घेतलं. १९९७ मध्ये रॉबर्टो बाज्जो यायला तयार होता, स्ट्रायकरच्या मागे खेळायला मिळावं एवढंच त्याचं म्हणणं. आंचेलोत्ती नाही म्हणाला. बाज्जो बोलोन्याला गेला आणि त्या मोसमात त्याने लीगमध्ये २२ गोल केले. पुढे आंचेलोत्तीने हा आपला हट्ट होता, हे मोकळेपणाने मान्य केलं.

मग तो युव्हेंटसला गेला, तिथे झिदान होता. झिदानला कडेला ढकलणार कोण? पद्धतच बदलावी लागली. मिलानमध्ये काका. आणि २०२३ मध्ये, रिआल माद्रिदमध्ये, त्याच माणसाने बेलिंगहॅमसाठी चौकटचा आकार मांडला आणि त्या पोराने लीगमध्ये १९ गोल ठोकले. रिआलने लीगही जिंकली आणि चॅम्पियन्स लीगही. एकाच माणसाच्या कारकिर्दीत दहा नंबर बाहेर गेला आणि परत आला.

मात्र आला तो जुना होऊन नाही. काम वाटलं गेलंय. पिर्लो मुळात दहा नंबरच. २००१ मध्ये ब्रेशियाला उसना गेला, तिथे दहाच्या जागी खुद्द बाज्जो होता, म्हणून प्रशिक्षक माझोनेने पिर्लोला मागे बचावासमोर नेऊन ठेवलं, आणि तिथून त्याने पुढची पंधरा वर्षं गाजवली. मँचेस्टर सिटीचा डी ब्रॉयना मधोमध न राहता मधला पट्टा आणि कड यांच्यामधल्या पट्टीतून खेळला. लेव्हरकुसेनने २०२३-२४ ची बुंडेसलीगा एकही सामना न हरता जिंकली ती स्ट्रायकरमागे दोन दहा नंबर ठेवून, त्यातला एक विर्ट्झ. आणि प्रशिक्षक युर्गेन क्लॉपचं म्हणणं तर असं की बॉल गमावल्यावर तिथल्या तिथे झडप घालून परत मिळवला, तर त्या क्षणाइतक्या संधी कुठलाही प्लेमेकर तयार करू शकत नाही. मला ते पटतं. आवडत नाही, पण पटतं.

रिकेल्मेला २००६ मध्ये बाहेर काढलं, ती चूक होती का?

होती. विश्वचषकाची उपांत्यपूर्व लढत, ३० जून, बर्लिन, समोर यजमान जर्मनी. रिकेल्मे अर्जेंटिनाचा दहा नंबर. रिकेल्मेच्या कॉर्नरवर आयालाचं हेडर, अर्जेंटिना १-० पुढे. ७२ व्या मिनिटाला प्रशिक्षक पेकरमनने त्याला काढून काम्बियासोला घातलं. हिशेब सरळ होता: आघाडी आहे, पळणारा माणूस घाला. पण रिकेल्मेकडे बॉल असला की तो कुणाच्या बापाला मिळत नसे. पायाखाली घ्यायचा, पाठ लावायचा, फाउल काढायचा. संघाचा सगळ्यात भरवशाचा बचाव तोच होता. ८० व्या मिनिटाला क्लोजने बरोबरी केली, पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ ने हरलं, शेवटची पेनल्टी लेमानने अडवली ती काम्बियासोचीच. एकोणीस वर्षांचा मेस्सी बाकावरच राहिला.

दुसरी बाजूही सांगतो. रिकेल्मे दमला होता, आणि अर्जेंटिनात ज्याला ‘एन्गांचे’, म्हणजे (अडकवायचा) आकडा म्हणतात, त्या एका आकड्यावर आख्खा संघ टांगला की तो आकडा निखळल्यावर काय होतं, तेही त्याच अर्ध्या तासात दिसलं.

असिस्ट मोजून चांगला दहा नंबर ओळखता येतो का?

अर्धवट. असिस्ट म्हणजे गोल करणाऱ्याला दिलेला शेवटचा पास. आर्सेनलच्या ओझिलने २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीगमध्ये १९ असिस्ट दिले, तरी ‘आळशी’ हा शिक्का पुसला गेला नाही. उलट बऱ्याचदा बचाव फोडणारा पास असिस्टच्या आधीचा असतो. वरच्या इस्तंबूलच्या दुसऱ्या गोलमध्ये असिस्ट शेवचेन्कोच्या खात्यात आहे, काकाच्या नाही.

त्याला बचाव करावा लागतो का?

आता लागतो. आर्सेनलचा ओडेगार्ड बघा, समोरच्यांवर झडप घालायची कधी, हे तो हात करून ठरवतो. पळत नसेल तर मेस्सी तरी असावं लागतं.

भारतात असे खेळाडू का दिसत नाहीत?

दिसतात, पण त्या जागेवर बहुधा परदेशी असतो. इंडियन सुपर लीगमध्ये मोजकेच परदेशी खेळवता येतात, मग प्रत्येक प्रशिक्षक ते स्टॉपर, मधली फळी आणि स्ट्रायकर या कण्यात वापरतो. गोवेकरांना ह्यूगो बूमूस आठवत असेल. २०१९-२० मध्ये एफसी गोवाकडून १५ सामन्यांत ११ गोल, १० असिस्ट. संघाने लीग शिल्ड, म्हणजे साखळीत पहिला आल्याची ढाल, जिंकली. पुढच्या मोसमात गोव्याचा प्रशिक्षक राहिलेला लोबेरा आणि बूमूस दोघेही मुंबई सिटीत आले आणि मुंबईने शिल्ड आणि करंडक दोन्ही उचलले, अंतिम सामना तर गोव्यातच, फातोर्ड्याला. आपल्या माणसांत गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस हा या कुळीतला. त्याचा कॉर्नर आणि फ्री किकवरचा उजवा पाय पाहत राहावा.

दुसरं कारण आपण प्रेक्षक आहोत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर माझं बालपण गेलं. पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींच्या संघांची मॅच असली की शाळा सुटायची वाट बघत नसू. पायऱ्या गच्च भरलेल्या, आणि मधल्या पोराने बॉल पायाखाली घेऊन मान वर केली रे केली की चारी बाजूंनी ओरडा: “आरं मार की!” “पुढं घाल, पुढं!” त्याला दिसत असायचं की डावीकडे गडी मोकळा होतोय, अजून एक क्षण थांबायला हवं. पण दहा हजार लोक आईबहिणीचा उद्धार करत असताना कोण थांबतो? तो मारायचा, बॉल गोलीच्या हातात जायचा, आणि लोक म्हणायचे, जोर होता बघ. मीही ओरडणाऱ्यांतलाच.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला दहा नंबरच हवा म्हणतो. काय करू?

शर्ट घेऊन द्या, त्यात काय. जागा मात्र इतक्यात पक्की करू नका. एक वर्ष बॅकला खेळू द्या, एक वर्ष कडेला. बॅकला खेळल्यावर कळतं की बॅकला काय नको असतं. घरी भिंतीवर बॉल मारून परत घ्यायचा सराव करायला लावा आणि बॉल परत येत असताना तुम्ही त्याच्या पाठीमागे उभं राहून बोटं दाखवा: दोन, चार, एक. बॉलला पाय लागायच्या आत त्याने मागे बघून आकडा सांगायचा. पहिल्या आठवड्यात बॉल शेजारच्यांच्या कुंडीवर जाईल. आमच्या इथे दोन गेल्या.